टायरमधला खडा

आज गॅरेजमध्ये मेकॅनिकने स्टिअरिंग पूर्ण वळवून माझी गाडी हळू फिरवली. पुढच्या चाकातून कट-कट आवाज आला. "काका, चाकाचा जॉइंट गेलाय. रबर फाटून सगळं ग्रीस उडालंय. अशीच चालवली तर गाडी कधीही रस्त्यात अडकेल." त्याने सांगायची गरज नव्हती. हा आवाज मी अठरा वर्षांपासून ओळखतो.

तेव्हा मी सोनईत शिक्षक होतो. माझी जुनी गाडी पाथर्डीकडचे भानुदासराव घेत होते. आईला आठवड्यातून दोनदा नगरच्या दवाखान्यात न्यायला त्यांना ती हवी होती. गाडी दाखवायला त्यांनी आईलाही बरोबर आणलं होतं. प्रत्येक लिटरची, प्रत्येक सर्व्हिसची नोंद असलेली माझी वही त्यांनी कौतुकाने चाळली. "एवढं लिव्हनारा मानूस खोटं बोलंल व्हय?" म्हणत त्यांनी गाडी चालवून पाहिलीच नाही. चाकाचा आवाज मात्र मी वहीत लिहिला नव्हता.

पैसे देऊन फाटकातून बाहेर पडताना त्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि चाक वाजलं.

"काय वाजतंय हो, सर?"

"टायरमध्ये खडा अडकला असेल," मी म्हणालो.

ते उतरले आणि धुळीत गुडघे टेकून टायरच्या खाचा बोटांनी चाचपू लागले. मागच्या सीटवरून त्यांची आई माझ्याकडे बघून हसली. खरंच एक खडा निघाला. तो मला दाखवत ते म्हणाले, "बराबर वळीखलं तुमी, सर!"

मी मान डोलावली. सुटलो, असं तेव्हा वाटलं होतं. आज त्याचीच जास्त लाज वाटते.