खिडकीतले संतापी बाबूजी

“का जी, मरण काय नोटीस देऊन येते?” विम्याच्या हप्त्याच्या खिडकीवर थाप मारून आमचे बाबूजी ओरडायचे. मुदत टळल्यावर आलेला माणूस खजील व्हायचा. तुम्हीही असे तापट हेडक्लार्क पाहिले असतील.

जयपूरच्या आमच्या विमा कचेरीत ते नागपूरहून आले होते. मी साताऱ्याचा, नवा कारकून. हप्ता चुकवणाऱ्यांना ते संध्याकाळी बनी पार्क भागातल्या घरी बसून पदरच्या पैशानं पोस्टकार्डं लिहायचे. “छापील नोटीस कोण वाचते? हातानं लिहिलेलं वाचतात.”

एकदा एका रेल्वे फिटरची बायको आली. नवरा अपघातात गेला होता. हप्ता थकल्यानं पॉलिसी बंद पडली, म्हणून आमच्या शाखेच्या साहेबांनी दावा नाकारला होता.

“पैसे तो भेजे थे, बाबूजी,” ती म्हणाली आणि पदराची गाठ सोडून तिनं आमच्याच कचेरीची चिठ्ठी पुढे केली. ‘पॉलिसी नंबर जुळत नाही, सबब मनीऑर्डर परत.’ खाली सही माझी.

बाबूजींनी चिठ्ठी दोनदा वाचली. “नाव बरोबर, पत्ता बरोबर, पैसे मुदतीत. एक आकडा चुकला, तर रजिस्टर उघडून पाहायला हात मोडले होते काय?”

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे आपटला. “लिहा. चूक माझी, असं लिहा.”

नोकरी जाईल अशी भीती होती. तरी लिहिलं.

साहेब भडकले. “कचेरीची अब्रू घालवता?”

“अब्रू त्या बाईला परत पाठवलं तेव्हाच गेली, साहेब!” ते सगळ्यांसमोर म्हणाले आणि माझा कागद जोडून प्रकरण थेट वरच्या कचेरीत पाठवलं.

माझी नोकरी वाचली. त्यांची मात्र महिन्याभरात दूर वाळवंटातल्या बाडमेरला बदली झाली, निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना. साहेबांना पुढे बढती मिळाली. आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं.

दावा मंजूर झाला. चेक घ्यायला ती बाई आली. अंगठा उठवून तिनं इकडेतिकडे पाहिलं.

“वो गुस्सेवाले बाबूजी?”

“बदली हो गई,” मी म्हणालो.

“क्यों?”

कचेरीत आम्ही बारा जण होतो. सगळ्यांनी माना कागदांत घातल्या.