मनुकांच्या पाण्याचा पेला

गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात आणि रविवारी आम्हा ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनाघर ओस पडतं. त्या रविवारी बायकांत आम्ही तिघीच होतो: प्रार्थना चालवणाऱ्या पाळकांच्या पाळकीणबाई, माझी धाकटी जाऊ आणि मी. एरवी जावेच्या आणि माझ्या मध्ये पाच-सहा जणी बसतील याची मी काळजी घ्यायचे. चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. माझ्या लेकीला बघायला आलेल्या पाहुण्यांना तिनं सांगितलं होतं, पोरीला लहानपणी फिट यायची. खोटं नव्हतं ते, पण सोयरीक मोडली. लेक पुढे चांगल्या घरी पडली, तरी मी ते विसरले नाही. विसरायचंच नव्हतं मला.

पाळक प्रवचनात नव्या करारावर बोलत होते. पहिला करार देवानं दगडी पाट्यांवर लिहून दिला, तो लोकांनी मोडला. मग संदेष्ट्याच्या तोंडून देवानं सांगितलं, नवा करार मी त्यांच्या काळजावर लिहीन आणि त्यांची पापं पुन्हा आठवणार नाही. शेवटच्या भोजनात प्रभूनं पेला उचलला तो याच कराराचा, स्वतःच्या रक्तानं केलेल्या. मी मान डोलावत होते. मनात जावेला म्हटलं, ऐक बाई, तुझ्यासाठीच चाललंय.

प्रभुभोजनाला आमच्याकडे एकच स्टीलचा पेला, द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुकांच्या पाण्याचा, हातोहात फिरतो. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं तो ओठाला न लावता पुढे द्यायचा, ही जुनी रीत. मी दर वेळी खुशाल प्यायचे. चूक तिची, मी कशाला सोडू?

पाळकीणबाईंनी पेला जावेला दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि तसाच माझ्यापुढे केला.

"प्यायली न्हाईस?" चार वर्षांतले माझे पहिले शब्द.

"चार वरसं झाली, अक्का," ती हळूच म्हणाली. "तुमी बोलत न्हाईत, मग मी कशी पिऊ?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा गुन्हा मला तोंडपाठ होता, पण ती दर वेळी न पिताच उठून जाते, हे मी मान वळवून कधी पाहिलं नव्हतं.

मी पेला परत तिच्या हातात दिला. "आदी तू घे," म्हटलं, "मग मी."

ती एक घोट प्यायली. उरलेलं मी घेतलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो पेला धरताना मला तिची नाही, माझी चूक आठवली.