मखमलचा डावा हात

आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला सगळे मखमल म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला कोण येतं? दाढी झाल्यावर गालावरून हात फिरवला की माणसाच्या तोंडून आपोआप 'मखमल' निघायचं. तीस वर्षं त्याची एकच पद्धत. डाव्या हाताची दोन बोटं कातडी ताणत पुढे जायची आणि उजव्यातला वस्तरा त्यांच्या मागोमाग यायचा. डाव्या हाताला तो मुकादम म्हणे. उजवा नुसता मजूर, अक्कल सगळी मुकादमाकडे.

गेल्या वर्षी मखमलच्या मेंदूत एक लहानशी गुठळी अडकली. पंधरवड्यात तो स्वतःच्या पायांनी घरी आला. बोलणं शाबूत, विनोदही शाबूत. विनोद जरा सुधारून आले असते तर बरं झालं असतं, असं बायको म्हणाली. बदलला होता तो फक्त मुकादम.

सुरुवात शर्टापासून झाली. उजवा हात गुंड्या लावत खाली येत होता आणि डावा वरून एकेक सोडवत येत होता. बायकोला वाटलं, नेहमीची थट्टा. पुरे आता, असं म्हणत तिने आरशात पाहिलं, तर मखमल हसत नव्हता.

मग दाराची मूठ धरली की डावा हात ती सोडेना. जेवताना तो बायकोच्या ताटातला घास उचलू लागला. ती म्हणाली, लग्नानंतर इतक्या वर्षांनी हे सुचलं का? पण एका दुपारी नवरा घोरत पडला होता आणि हात जागा होता. उशीची शिवण तो टोकापासून टोकापर्यंत चाचपत होता, काहीतरी हरवल्यासारखा. त्या दिवसापासून तिने थट्टा बंद केली.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदू काढून दाखवला. हात हलण्याआधी पुढच्या भागात बेत ठरतो, म्हणाल्या. त्याच्या मागे एक पट्टी असते, ती स्नायूंना हुकूम सोडते. मखमलची ही पट्टी ठणठणीत होती. बिघडली होती ती मधली जागा, जी बेत तपासते आणि 'आत्ता नको' म्हणते. बिघाड उजव्या बाजूचा, म्हणून हात डावा. आता दिसेल ते घ्यायचं, लागेल ते धरायचं, एवढंच त्या हाताला कळत होतं.

"म्हणजे दुकान उघडं आणि आत मालक नाही," मखमल म्हणाला.

तसंच काहीसं, असं म्हणून बाईंनी एक युक्ती सांगितली. हातात काहीतरी देऊन ठेवा, गुंतून राहील.

प्रश्न दुकानाचा होता. बायकोचं म्हणणं, खुर्ची काढून टाकावी. वस्तरा आणि असा हात एका खोलीत नको. मखमलला खुर्चीशिवाय सकाळी उठायचं कशाला तेच कळत नव्हतं. शेवटी एक अट ठरली. तिच्यासमोर एक दाढी करायची. बिनचूक झाली तर दुकान उघडायचं, नाहीतर खुर्ची जाणार. मान द्यायला मखमलचा मोठा भाऊ तयार झाला. ही मान सत्तर वर्षं वापरून झालीये, दादा म्हणाला, फार नुकसान होणार नाही.

दुपारी शटर अर्धं खाली ओढून दादा खुर्चीत बसला. फेस झाला. मखमलने डाव्या हातात गुंडाळलेला टॉवेल दिला आणि एकट्या उजव्याने एका गालाची दाढी उतरवली. मखमल नव्हती, पण रक्तही नव्हतं. मग दादाने मान वर केली आणि वस्तरा गळ्याशी आला.

टॉवेल पडला त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. डावा हात वर आला आणि दादाच्या गळ्यावर टेकला. बायको स्टुलावरून उठली. दादाने डोळे मिटून घेतले.

दोन बोटं कानाखाली जाऊन थांबली. कातडी ताणली गेली, हलकीच, जितकी हवी तितकीच. वस्तरा मागोमाग आला. एक ओढ, मग दुसरी. दादाने डोळे न उघडताच गळा चाचपला आणि म्हणाला, "मखमल."

बायकोने पदराने डोळे पुसले. "उघडा दुकान," ती म्हणाली. "पास झालात."

मखमल आरशात पाहत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ते मी नाही केलं," तो म्हणाला.

दादा म्हणाला, कुणी का करेना, झकास झालंय.

"झकासच झालंय. पण मी त्याला टॉवेल सोडू नको म्हणत होतो, दादा. सारखं म्हणत होतो. आज त्याने कातडी ताणली. उद्या काय करेल, ते मलाही त्याने केल्यावरच कळणार."

त्याने एका हाताने वस्तरा मिटला आणि बायकोपुढे धरला. "खुर्ची काढून टाक."

दादाने विचारलं, मग या अर्ध्या दाढीचं काय? घरी करून घे, मखमल म्हणाला. हसलं मात्र कुणीच नाही.

तो मागे सरू लागला, पण सरता येईना. डावा हात दादाच्या गळ्यावरच होता. बोटं आणखी जरा पुढे गेली होती आणि नवी जागा ताणून, वस्तऱ्याची वाट पाहत थांबली होती. बायकोने ती एकेक करून सोडवली.