पाठीनं धरलेली भिंत

बातमी माझ्या दाराशी आली आणि बराच वेळ बाहेरच ताटकळली. आमच्या अंथुर्णे गावातल्या घराच्या भिंती थर्मोकोलच्या आहेत. म्हणजे थर्मोकोलचे पोकळ ठोकळे एकावर एक रचून त्यांच्या पोटात काँक्रीट भरलेलं. ऊन आत येत नाही, तसा आवाजही येत नाही, मोबाईलला रेंजही नसते. शेजारची शोभा दार बडवत होती आणि मी आत शेंगा निवडत बसले होते. शेवटी ती खिडकीशी आली. "काकू, आण्णांना निमगावच्या बाजारात चक्कर आली. बारामतीला न्हेलंय." ती माझ्याकडे बघत नव्हती, त्यावरूनच बाकीचं कळलं... सकाळी पिशवी घेऊन कोथिंबीर आणायला गेलेला माणूस.

ह्यांची, म्हणजे आण्णांची, सगळी नोकरी दूध संघाच्या थंड खोलीत गेली. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात मी भाजून निघायची आणि हे स्वेटर घालून ड्युटीला. रिटायर झाल्यावर पहिल्याच मे महिन्यात त्यांना घरचा उकाडा कळला. "दूध गार ऱ्हातं, मग माणसानं काय घोडं मारलंय?" म्हणाले, आणि कुणाचंही न ऐकता असलं घर बांधायला घेतलं. गावानं मनसोक्त टिंगल केली. आण्णा टीव्हीच्या खोक्यात राहायला चाललेत म्हणे. मीही हसायची, पण ते हे सगळं कुणाच्या घामासाठी करतायत ते मला ठाऊक होतं.

ठोकळे ट्रकमधून आले ते अर्धे जखमी होऊन. दोर करकचून आवळल्यामुळे कडेचे चेपले होते, कुणाचे कोपरे उडालेले, कुणाला चिरा. बदली माल यायला वेळ लागणार होता आणि काँक्रीटची गाडी तर ठरलेली. मग ह्यांनी अंगणात दवाखानाच मांडला. कोपरे गेलेले कापून खिडक्यांच्या बाजूला लावायचे, चिरांमध्ये डब्यातला फुगून घट्ट होणारा फेस मारून वरून प्लायची पट्टी ठोकायची. प्रत्येक ठोकळा उन्हाकडे धरून बघायचे, दुधाचा कॅन बघावा तसा. उजेड आरपार दिसला नाही की पास. जन्मभर गळतंय का एवढंच बघायची सवय. ठोकळ्याच्या दोन बाजू आतून धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी मोडली आहे का, हे बघायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

स्वयंपाकघराच्या भिंतीत काँक्रीटचा माल ओतताना असाच एक पास झालेला ठोकळा करकरला. वरची प्लाय निसटली आणि भिंतीला पोट यायला लागलं. दत्तू गवंड्यानं पंप बंद करायला लावला, पण टेकू अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. हे धावले आणि सरळ भिंतीला पाठ लावून, पाय रोवून उभे राहिले. पुढं दोन्हीकडून टेकू लागले, तरी हे जरा हलले की ठोकळा सरकायचा.

"आण्णा, माल आवळून घट्ट होईस्तवर हलू नका," दत्तू म्हणाला.

"मी कुठं चाललोय?" हे म्हणाले.

ऊन कललं तरी तसेच उभे. दोन्ही तळहातही भिंतीला दाबलेले. शेवटी मी पिठलं-भाकरी घेऊन गेले आणि सगळ्या माणसांदेखत एकेक घास भरवला. लग्नात भरवला होता, त्यानंतर हाच. दत्तू गालातल्या गालात हसत होता. हे भरल्या तोंडानं म्हणाले, "मिरची कमी पडली हाय." मी लाजून चूर झाले. पण खरं सांगायचं तर तेव्हा मी इतकी सुखात होते, की माल लवकर आवळू नये असं वाटत होतं.

भिंत टिकली, फक्त तिथं ह्यांच्या खांद्यांचा खळगा राहिला. दत्तू प्लास्टरमध्ये भरून काढणार होता. "ऱ्हाऊ दे," हे म्हणाले, "परत पोट आलं तर कुठं उभं ऱ्हायाचं ते कळंल."

ह्यांना जाऊन महिना झाला. सागर, आमचा मुलगा, पुण्याला चल म्हणून मागं लागलाय. ती भिंत सरळ करून, रंग देऊन घर भाड्यानं द्यायचं. त्याचं चुकत नाही. ह्या घरात आता मला माझ्याच पावलांचा आवाज येतो, ह्यांच्या बडबडीत तो कधी ऐकू आला नव्हता. बाहेर जग असेल-नसेल, भिंती काही सांगत नाहीत. बोलायला कुणी नाही म्हणून मी कुकरशी बोलते. मी सागरला हो म्हटलं.

काल सागरच्या सांगण्यावरून दत्तू थापी, घमेलं घेऊन आला. घमेलं खळग्यापुढं ठेवलं.

"वैनी, भरू का?"

मला हो म्हणायचं होतं... "नको," म्हणाले.

"मग सागरला काय सांगू?"

"आई येत नाही म्हणून सांग."

चहा पिऊन तो गेला. मी भिंतीला पाठ लावून बघितली. ह्यांच्या खांद्याचा खळगा माझ्या डोक्याशी येतो. डोकं टेकलं. भिंत गार होती, त्यांना हवी होती तशी. संध्याकाळी पिठलं केलं आणि ताट घेऊन तिथंच जाऊन उभी राहिले. पहिला घास हातात धरून किती वेळ गेला कोण जाणे. मग मीच खाल्ला. मिरची कमी पडली होती.