बाजाराच्या दिवशी ओतलेल्या प्लेटा

ती फिकट पिवळी प्लेट मी आजही विसरलेलो नाही. शहादा तालुक्यात नेमणुकीला होतो. कळसाडीच्या शिवारात पाण्याच्या मोटारीला हात लावताच एक शेतकरी करंट लागून जागीच गेला. मोटारीच्या वायरी जोडायची प्लेट एका तरुण कारागिराने बनवली होती. रेझिनमध्ये गारगोटीची भुकटी कालवून तो ती ओतायचा. अशा प्लेटेतून वीज बाहेर येत नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याचा उस्ताद ठाण्यात आला. दोघांची दुकानं शेजारी-शेजारी. "साहेब, तो भुकटीमा काहीबी मिसळस," म्हणाला. मी कारागिराला उचललं. "मन्ही भुकटी चोखी शे, साहेब," एवढंच तो रडत सांगत राहिला. मी गुन्हा पक्का धरून मोकळा झालो.

माझ्या हाताखालची नवी उपनिरीक्षक मात्र ऐकेना. वरिष्ठ तिचं फार कौतुक करायचे. खरं सांगतो, ती माझ्या डोळ्यांत खुपायची.

तिने जप्त प्लेटा पाण्यात भिजवून मेगरवर, म्हणजे वीज झिरपते का ते दाखवणाऱ्या हातयंत्रावर, तपासल्या. कारागीर प्रत्येक प्लेटेमागे ती ओतल्याचा वार कोरायचा; झिरपणाऱ्या सगळ्या प्लेटांमागे एकच वार होता. त्या वारी म्हसावदचा बाजार. भुकटी दुकानाबाहेर पत्र्यावर वाळत टाकून कारागीर सकाळी बाजारात माल द्यायला जायचा, परतल्यावर प्लेटा ओतायचा; तोवर भुकटी उघडीच. तिने पत्र्यावरची उरलेली भुकटी जिभेला लावली. खारट! मीठ ओल धरतं आणि ओलीतून करंट वाहतो.

तो वार फक्त मीठ कालवणाऱ्यालाच ठाऊक असणार, म्हणून वाराची गोष्ट आम्ही कुणाला सांगितली नाही. उस्तादाला बोलावून तिने ओल्या प्लेटा पुढे मांडल्या. "एकेक हातात धरा, मी मेगर फिरवते." दोन त्याने खुशाल धरल्या. तिसरी उलटी केली, वार वाचला आणि हळूच खाली ठेवली.

"का, उस्ताद?" मी विचारलं.

"मन्हा हातखाले शिकना, साहेब. आते गिऱ्हाईक मन्हा दुकानम्होरेथीन त्यानाकडे जातस. त्यानं काम मन्हापेक्षा चांगलं शे, हाई माले सहन व्हयनं नही. माणूस मरी जाई असं वाटनं नव्हतं."

मी मान खाली घालून जबाब लिहीत होतो. कारागीर त्याच संध्याकाळी सुटला.

वरिष्ठांचा फोन आला, "छडा कोणी लावला?" ती समोरच उभी होती.

"मीच, सर," मी म्हणालो.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मत्सराचे गुन्हे पुष्कळ पाहिले. आपला मत्सर मात्र माणूस दुसऱ्याच्या जबाबातच वाचतो, आणि वाचूनही सुधारत नाही. माझ्या निरोप समारंभात तिने हार घातला, पाया पडली आणि म्हणाली, "सर, तपास मी तुमच्या हाताखाली शिकले." मला तिच्याकडे बघवलं नाही.