अप्पांचे दोन शब्द

गुलबर्ग्याहून सकाळच्या बसनं निघाले तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. बोर्डावर आता कलबुर्गी लिहितात, पण आमच्या तोंडात गुलबर्गाच बसलंय, त्याला इलाज नाही. हुमनाबाद येईस्तोवर पिशवीतलं पुस्तक कितीदा काढलं आणि कितीदा आत ठेवलं, माझं मला माहीत नाही. शेवटी शेजारच्या बाईनं विचारलं, परीक्षा आहे का हो? मी म्हटलं, हो, तसंच समजा.

परीक्षाच होती. भालकीच्या वाचनालयात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत माझा कार्यक्रम होता. भालकी माझं माहेर, आणि तिथल्या बाजारात अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कापडाचं दुकान. माझं पुस्तक निघून वर्ष उलटलं होतं, पण अप्पांनी त्यातला एक शब्द ऐकला नव्हता. आज ते ऐकायला येणार होते.

आता बापानं लेकीचं पुस्तक वाचलं का नाही, असं कोणीही विचारील. तर अप्पा शिकले कन्नड शाळेत. आई उदगीरची, तिच्यामुळं घरात मराठी आणि मी मराठी शाळेत. अप्पा मराठी बोलतात माझ्याहून झकास, पण वाचायचं म्हटलं की दुकानाची पाटी आणि बसचा बोर्ड, त्याच्यापुढं गाडी सरकत नाही. पहिली प्रत मी त्यांच्याच हातात दिली होती. त्यांनी ती उलटीपालटी केली, एक पान दोन बोटांत धरून कापडासारखं चोळून बघितलं, माल चांगला हाय म्हणाले आणि गादीमागं देवाच्या फोटोशेजारी उभी करून ठेवली. तेव्हापासून दुकान उघडलं की फोटोला विभूती, मग पुस्तकाला विभूती, उदबत्ती दोघांत मिळून एक. झालं. आत काय लिहिलंय, ते एका शब्दानं विचारलं नाही.

मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, चांगलाच यायचा. माहेरी गेले की दुकानात जाऊन बसायचे, धीर करून म्हणायचे, अप्पा, थोडं वाचून दाखवू का? तेवढ्यात कोणीतरी पायरी चढायचं आणि अप्पा हात वर करून म्हणायचे, "थांब जरा, गिऱ्हाइक हाय." माझं सगळं बालपण या एका वाक्यावर गेलंय. वर्गात पहिली आले, थांब जरा. ताप आलाय, थांब जरा. मला बघायला पाहुणे आले, आई बोलवायला दुकानात गेली, तरी थांब जरा. आणि गिऱ्हाइक गेलं की दुसरं यायचं, आणि मी पुस्तक पिशवीत घालून परत बस पकडायचे.

मग एकदा फोनवर बोलता बोलता आई सहज म्हणाली, की तिनं एका संध्याकाळी पुस्तक उघडून अप्पांना वाचून दाखवायला घेतलं होतं. तर त्यांनी थांबवलं. म्हणाले, "तू ठेव. तिनं लिवलंय, तिच्याच तोंडून ऐकीन."

म्हणजे हा माणूस वर्षभर वाट बघायलाय, आणि मी इकडं त्यांच्या नावानं बोटं मोडायले! आईला म्हटलं, हे आधी कामून सांगितलं न्हाईस? ती म्हणाली, तू कवा इचारलीस?

आणि त्याच आठवड्यात वाचनालयाचं बोलावणं आलं. याला योगायोग म्हणा, काहीही म्हणा, मी तर स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली.

वाचनालयाच्या बाई म्हैसूरकडून बदली होऊन आलेल्या. मराठी समजते, बोलताना अडखळतात, पण कामाला वाघ. त्यांनी नवीनच एक टूम काढली होती. दीड ते अडीच या वेळात कचेऱ्या, बँका, शाळा, कोर्ट सगळ्यांची जेवणाची सुट्टी असते. तेवढा एक तास वाचनालयाच्या दिवाणखान्यात या, डबा आणा, जेवता जेवता ऐका. फुकट. कधी लेखक, कधी भजन, कधी दखनी शायरी. अडीचला मात्र खोली रिकामी झालीच पाहिजे, कारण त्यानंतर ती स्पर्धा परीक्षेच्या मुलांची. तोवर सगळे कार्यक्रम कन्नड नाहीतर उर्दूत झाले होते. मराठीतला पहिला माझा.

अप्पांना मी फोनवर सांगितलं, दीड ते अडीच, तेव्हा बाजारात शुकशुकाटच असतो, याल का? त्यांनी आधी कोणाला तरी मीटरचा भाव सांगितला. मग "बघू" म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी आईनं कळवलं की पांढरा सदरा परटाकडं गेलाय. मला तेवढं पुरलं.

दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि माझा ऊर भरून आला. काय माणसं! तहसीलची मंडळी, बँकेतल्या दोघी-तिघी, शाळेच्या बाया, ठाणाकुशनूरहून सकाळच्या गाडीनं आलेला बायकांचा एक घोळका. शेंगदाण्याच्या चटणीचा आणि लोणच्याचा नुसता घमघमाट. अनोळखी माणसं एकमेकांच्या डब्यात हात घालायलेत, एकीकडं कन्नड, एकीकडं मराठी, मधेच कोणी उर्दूत भाकरी मागतंय. मला वाटलं, यापेक्षा मोठं संमेलन असूच शकत नाही.

आणि मग मला टेबलावरचा ढीग दिसला. शाली. हार. नारळ. फेटे.

ढिगामागं आमचे मास्तर उभे. मला पाचवीत शिकवलेले, आता निवृत्त, गावातल्या मराठी मंडळींचे पुढारी. वाचनालयाच्या या तासाला सत्कार नसतो, हे बाईंनी त्यांना समजावलं होतं म्हणे. मास्तर ऐकतात होय? आपल्या मराठीचा गावातला पहिला कार्यक्रम, आन् शाल न्हाई, नारळ न्हाई? लोकं काय म्हणतील? त्यांनी आपल्या खर्चानं सगळं आणलं होतं. वर दिवा, वात, स्वागतगीत म्हणायला चार मुली. बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी बाईंकडं. आमच्या भागात सत्कार नको म्हणणं म्हणजे वाढलेलं ताट ढकलणं, ते त्या नव्या असूनही ओळखून होत्या.

सुरुवात झाली. दिवा लावला, पंख्यानं विझला, पंखा बंद करून परत लावला. गीत झालं. पहिला सत्कार माझा. मग आमच्याकडची रीत अशी, की ज्यानं शाल घातली त्याला उघड्या खांद्यानं पाठवायचं नाही. म्हणून मला शाल घालणाऱ्या मास्तरांचा सत्कार तहसीलच्या साहेबांनी केला, साहेबांचा एका वकिलांनी, आणि वकिलांचा कोणी करायचा यावर थोडी कुजबुज होऊन ठाणाकुशनूरच्या एका बाईंना उठवलं. मग त्या बाईंचा! बाईंच्या हातात घास होता, त्या तशाच शालीत उभ्या. प्रत्येकानं सत्कार झाल्यावर माइकवर दोन शब्द बोलायचे, हीही रीत. दोन शब्द म्हणून उभा राहिलेला माणूस दोन शब्दांत खाली बसलेला मी जन्मात पाहिला नाही. वकिलांनी तर आपल्या आजोळापासून सुरुवात केली.

मी व्यासपीठावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. चेहऱ्यावर हसू, गळ्यात हार, आणि मनात एकच, पुरे करा रे बाबांनो. कारण अप्पा आले होते. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पांढऱ्या सदऱ्यात, हातात दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा. कानावर पेन्सिल तशीच राहिली होती. कोणाची मयत असल्याशिवाय भर दिवसा दुकानाला कुलूप न लावणारा माणूस माझ्यासाठी कुलूप लावून आला होता, आणि त्याला वकिलांचं आजोळ ऐकावं लागत होतं. काटा सव्वादोनच्या पुढं गेला. दाराबाहेर परीक्षेची मुलं पुस्तकं घेऊन जमायला लागली. मला रडू फुटायचं तेवढं राहिलं होतं. परत अप्पा येतील? परत कुलूप लावतील? मला खात्री नव्हती.

आणि तेवढ्यात मास्तरांची नजर अप्पांवर गेली. झालं! लेखिकेचे वडील सभागृहात, आणि त्यांचा सत्कार नाही? मास्तर स्वतः खाली उतरले. अप्पा नको नको म्हणायलेत, हात जोडायलेत, पण दोघांनी धरून त्यांना वर आणलंच. शाल घातली, फेटा बांधला. फेट्याच्या पहिल्याच वेढ्यात पेन्सिल अडकली, ती त्यांनी काढून दुसऱ्या कानावर ठेवली. कपाळाला लावायचा तो हात मी मांडीवर दाबून धरला. फेटा बांधून होईस्तोवर राहिलेल्यातलीही पाचएक मिनिटं गेली. आणि मास्तरांनी त्यांच्यापुढं माइक धरला.

अप्पांनी उभ्या जन्मात माइक हातात धरला नव्हता. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं, मग समोरच्या माणसांकडं. गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशा आवाजात म्हणाले,

"मला बोलायला येत न्हाई. माझे दोन शब्द ह्या पोरीकडं हायत. तेवढे ती वाचील."

आणि माइक माझ्या हातात देऊन तिथंच शेजारच्या खुर्चीवर बसले. बसण्याआधी खुर्ची मात्र त्यांनी उचलून माझ्याकडं तोंड करून ठेवली. पाठ अर्धी लोकांकडं झाली, त्याची त्यांना फिकीर नव्हती. पुढं अजून नारळ शिल्लक होते, पण अप्पांच्या दोन शब्दांमध्ये नारळ घेऊन कोण उठणार? मास्तरसुद्धा गुमान बसले.

प्रस्तावना, आभार, काय काय ठरवून आणलं होतं, सगळं सोडलं आणि पान उघडलं. दुकानावरचा लेख. त्यात मी लिहिलंय की अप्पा कापड मापून झालं की कात्री हातात घेतात आणि लगेच कापत नाहीत. थांबतात. समोरच्या माणसाला त्याच्या त्याच्या भाषेत विचारतात, कापू? आणि तो हो म्हणाला तरी आणखी थोडं थांबतात. तेवढ्यात कितीतरी बायकांनी रंग बदलला, कितीकांनी लेकीसाठी म्हणून घेतलेलं परत ठेवलं, कोणी आणखी वारभर कापड वाढवून घेतलं. मी लहान असताना मला त्या थांबण्याचा कंटाळा यायचा. इतर दुकानदार कसे खसाखस कापतात, आणि आमचे अप्पा कात्री उघडी धरून बसतात.

एवढं वाचेपर्यंत डब्यांचे आवाज बंद झाले होते. शालीतल्या ठाणाकुशनूरच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, व्हय, आमालाबी असंच इचारतेत. बँकेतल्या एकीनं मान हलवली. मागून कोणीतरी कन्नडमधून दुजोरा दिला. आणि मी बघितलं तर अप्पा माझ्या तोंडाकडं असे बघायलेत, की पापणी लवत नाही. माझा आवाज एकदम सुटला. इतका आनंद झाला म्हणून सांगू, पुस्तक हातात पहिल्यांदा आलं तेव्हाही झाला नव्हता.

आणि अडीच वाजले. वाचनालयाच्या बाई दारात उभ्या. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, पण मुलं ताटकळली होती आणि नियम त्यांचाच. मी तिथंच पुस्तक मिटलं, लेख अर्ध्यावर. टाळ्या फार पडल्या. मास्तर डोळे पुसत माझ्याकडं आले आणि म्हणाले, पुढच्या बारीला आधी वाचन, मग शाली. त्यांच्यावरचा माझा राग तिथल्या तिथं विरघळला.

पण अप्पा गर्दीत दिसेनात. चपला घातल्या आणि बाजाराच्या रस्त्याला लागले, तर ते पुढं झपाझप चाललेले, फेटा तसाच डोक्यावर, शाल खांद्यावर. मला वाटलं, संपलं, दुकानाची वेळ झाली. मी मागून जाऊन पायरी चढले तेव्हा शटर वर गेलं होतं आणि अप्पा गादीवर बसले होते. त्यांनी समोरची घडी घातलेली कापडं बाजूला सारली आणि मला बसायला जागा केली.

"उरलेलं वाच," ते म्हणाले.

मी पुस्तक उघडलं. दोन वाक्यं झाली नसतील, तोच एक बाई पायरी चढून आत आली आणि परकराचं कापड दाखवा म्हणाली. मी सवयीनं थांबले. बोट पानात घालून पुस्तक मिटलंसुद्धा.

अप्पांनी हात वर केला. माझ्याकडं नाही, त्या बाईकडं.

"थांबा जरा," ते म्हणाले, "पोरगी वाचायलीय."

बाईनं पिशवी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी गादीवर टेकली. मी पुढं वाचायला लागले.