छपराचं भाडं

“छप्पर बघून दावा लावलास होय रे म्हाताऱ्या? मग छपराचं भाडं नको द्यायला?”

इनामदाराचे वकील माझ्या बापाला म्हणाले. भर कोर्टात. दाव्याच्या खर्चाचा आकडा ठरत होता. शिरस्तेदार हसला. पट्टेवाला हसला.

मीही हसलो. ते आधी लिहून टाकतो.

नुकताच बी. ए. झालो होतो. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतला पहिला. अंगात शहरातल्या खडेबाजारात शिवलेला कोट. कोटाला वाटलं, आपण हसणाऱ्यांतले.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

आमचं रान निपाणीपलीकडं, ऐन शिवेवर. थोडं इंग्रजी मुलखात, थोडं जहागिरीत. इनामदारानं बांध सरकवून जहागिरीकडचा तुकडा गिळला. दावा तिकडंच लावायला हवा होता. पण जहागिरीच्या कोर्टात आमच्या माणसानं पायरीखाली उन्हात उभं राहायचं आणि खालून ओरडून साक्ष द्यायची. इकडच्या कोर्टात निदान आत घेत. आप्पांनी तेवढंच बघितलं. कोर्ट निवडलं ते छपरावरनं.

दोन वर्षं वकिलांनी हद्दीचा शब्द काढला नाही. तारखा झाल्या, साक्षी झाल्या. मग त्यांनी नकाशा पुढं केला. निकाल झाला: जमीन जहागिरीतली, या कोर्टाला अधिकार नाही, दावा परत, खर्च वादीवर.

आता वकील मवाळ झाले. जहागिरीत पुन्हा दावा लावणार नाही असं लिहून दे, अंगठा कर, मालक सगळा खर्च सोडतील, म्हणाले. म्हणजे खर्च माफ आणि रान साफ.

आप्पांचा हात शाईकडं गेला. मी मनगट धरलं.

“मघाशी हसलास की रं,” आप्पा हळूच म्हणाले. “आता कशाला धरतोस?”

कानशिलात बसल्यासारखं झालं. मनगट सोडलं नाही.

वकिलांना विचारलं, “हा नकाशा तुमच्याकडं कधीपासून आहे?”

“तू कोण विचारणार?”

“वादीचा मुलगा. पहिल्या तारखेला नकाशा दाखवला असता तर एका दिवसात दावा परत आला असता. दोन वर्षं तुम्ही लांबवलीत. त्याचा खर्च आम्ही का द्यायचा?”

कुणी हसलं नाही. शिरस्तेदारानं माझं म्हणणं लिहून घ्यायला नकार दिला. मी कागद मागितला. उभ्यानं, भिंतीला लावून अर्ज लिहिला. खाली सही केली. आप्पांनी त्याच शाईत अंगठा बुडवला आणि माझ्या सहीशेजारी उठवला.

अर्ज फेटाळला गेला. दुभती म्हैस विकून सगळा खर्च भरला. पावती कोटाच्या खिशात ठेवली.

महिन्याभरात तोच दावा जहागिरीच्या कोर्टात लावला. साक्षीसाठी माझ्या नावाचा पुकारा झाला. ऊन रखरखत होतं. शिपाई पायरीवरनं म्हणाला, “तिथनंच बोल.”

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. त्यानं काठी आडवी धरली.

“छपराचं भाडं भरून आलोय,” मी म्हणालो. “साक्ष आतच देणार.”

काठी छातीला टेकली. मागं आप्पा उभे होते. त्यांनी मला खाली बोलावलं नाही. मी दुसरी पायरी चढलो.